त्रिशलाचा अकरावा फेरा

बारा वर्षांपूर्वी एका जिल्हा स्पर्धेत मी एका मुलीचा एक फेरा खाल्ला. चूक माझी होती. ती झाली तेव्हा मला कळली नाही, हे खरं आहे. पण कळल्यावर मी जे बोललो ते जाणूनबुजून बोललो. ती मुलगी पहिली आली होती. कागदावर मी तिला तिसरी केली.

या अंकाच्या संपादकांनी मला मैदानावरच्या गमतीजमती लिहायला सांगितलं होतं. सत्तावीस वर्षं शाळेत खेळ शिकवतोय, त्यातली बावीस वर्षं ॲथलेटिक्सचा पंच म्हणून उभा राहिलोय, तेव्हा गमती पुष्कळ असणार असं त्यांना वाटलं. आहेतही. पण लिहायला बसलं की मन त्या एकाच कागदाकडं जातं. हे पहिलं पान लिहिताना मी तीनदा उठलो. एकदा पाणी प्यायला, एकदा गॅलरीतले कपडे काढायला आणि एकदा उगाचच जिना उतरून परत चढलो. बायको म्हणाली, "एका जागी बसा की. लिहिताय का पळताय?"

ॲथलेटिक्स संघटनेला मी कबुलीचं पत्र दिलं आहे. त्याचं जे व्हायचं ते होईल. पत्रात चार ओळी मावल्या. उरलेलं इथं लिहितोय.

ॲथलेटिक्सचा पंच म्हटलं की लोकांना हवेत पिस्तूल उडवणारा माणूस आठवतो. फोटोही त्याचाच येतो. बाकीचे आम्ही पांढरा शर्ट, संयोजकांनी दिलेली टोपी आणि हातात पॅड घेऊन उन्हात उभे असतो. कुणी लांब उडीच्या पट्टीवर वाकून पायाचा ठसा शोधतो, कुणी गोळा पडला तिथं खूण रोवतो. जे काम कुणालाच नको असतं ते म्हणजे फेरे मोजणं. ते माझ्याकडं असायचं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान होता.

मैदानाचा एक फेरा चारशे मीटरचा. दहा हजार मीटर म्हणजे पंचवीस फेरे. सुरुवातीला सगळ्या मुली एकत्र असतात, पण पाच-सहा फेऱ्यांत माळ तुटते. दहाव्या फेऱ्यापर्यंत डोळ्यांना काही समजत नाही. सगळ्यांत पुढं दिसणारी मुलगी कदाचित एक फेरा मागं असते. म्हणून प्रत्येक पंचाला तीन-चार मुली वाटून देतात. आपली मुलगी रेषेवरून गेली की घड्याळात बघायचं आणि तिच्या नावापुढच्या चौकटीत वेळ लिहायची. पंचवीस चौकटी भरल्या की तिची शर्यत संपली. काम इतकं सोपं आहे की त्यात चुकायला फार काही करावं लागत नाही. मान वळली तरी पुरतं.

लोकही नमुनेदार भेटतात. एका वडिलांनी मला मंडपामागं गाठलं होतं. त्यांच्या मुलाचा नंबर थोडक्यात हुकला होता. "सर, एवढा दशांश सोडा की. पोरगं सकाळपासनं जेवलं न्हाय," म्हणाले.

"जेवला असता तर आणखी मागं पडला असता," मी म्हणालो, आणि वर ऐकवलं, "घड्याळाला पावणंरावळं नसतात."

हे वाक्य मला इतकं आवडलं की पुढं कितीतरी ठिकाणी मी ते ऐटीत सांगितलं. आता ते आठवलं की उठून फिरावंसं वाटतं.

त्या दुपारी माझ्याकडं चार मुली होत्या. त्यातली एक त्रिशला चौगुले. तिचं नाव तिच्या परवानगीनं लिहितोय. जयसिंगपूरजवळच्या गावची, तेव्हा वीस वर्षांची, शेती करणाऱ्या जैन घरातली. तिचे वडील, सगळे त्यांना आप्पा म्हणत, प्रत्येक स्पर्धेला तिच्याबरोबर एसटीनं यायचे. हातात डबा असायचा, कारण दिवस मावळल्यावर ती जेवत नसे. आम्हा प्रशिक्षकांत त्यावरून थट्टा चालायची, "हिचा कोच सूर्य हाय." सराव आटोपून उजेडात जेवता यावं म्हणून ती बाकीच्या मुलींच्या आधी तासभर मैदानावर यायची. थट्टा करणाऱ्या आमच्यापैकी एकही जण तिच्या आधी पोचल्याचं मला आठवत नाही.

त्याच शर्यतीत माझी स्वतःची एक मुलगी होती. स्वतःची म्हणजे मी घडवलेली. तिचं नाव मी बदलतो, शुभांगी म्हणू. आमच्याच शाळेची, आणि शाळा सुटल्यावरही रोज पहाटे कोल्हापुरात कळंब्याच्या तळ्याकाठी माझ्याकडं सरावाला येणारी. नियमानं तिचे फेरे मी मोजायचे नव्हते. ते दुसऱ्या पंचाकडं होते. नियम माझ्या हातातल्या कागदापुरता पाळला गेला. खिशात मात्र मी दुसरं स्टॉपवॉच ठेवलं होतं, तिच्यासाठी. कुणाला दिसत नव्हतं.

शर्यत दुपारी चारला सुटली. अकरा मुली. बाजूला गोळाफेक चालू होती, त्यामुळं मुलींच्या दहा हजारकडं बघायला फारसं कुणी नव्हतं. त्रिशला तिसऱ्या फेऱ्यापासून पुढं गेली आणि पुढंच राहिली. अकराव्या फेऱ्याला शेवटच्या वळणावर शुभांगीनं वेग वाढवला आणि तिसऱ्या जागेवरून दुसऱ्या जागेवर आली. मी खिशातलं बटण दाबलं. त्याच वेळी त्रिशला एका मागं पडलेल्या मुलीला ओलांडत रेषेवरून गेली. ती मागं पडलेली मुलगीही माझ्याच यादीत होती. तिची वेळ मी लिहिली. त्रिशलाची लिहिली नाही. मान वळणाकडं होती.

पुढचे चौदा फेरे मी बिनचूक लिहिले, एकेक चौकट मागं.

चोवीस फेरे पळून त्रिशला आली तेव्हा तिनं घंटेकडं बघितलं. शेवटच्या फेऱ्याची घंटा वाजवतात, तिची ती वाट बघत होती. मी तिला दोन बोटं दाखवली. दोन राहिले. तिच्या कपाळावर आठी पडली, पण पाय थांबले नाहीत. पाठोपाठ शुभांगी आली. तिच्या पंचाचा हिशेब बरोबर होता, त्यानं इशारा केला आणि घंटा वाजली. मला वाटलं, त्रिशला एक फेरा मागं असणार. मी मोजणारा, मलाच तसं वाटलं.

पुढच्या वेळी ती जीव तोडून पळत आली, रेषा ओलांडली आणि गुडघ्यावर हात ठेवून वाकली. मी धावत गेलो.

"थांबू नको. एक ऱ्हायलाय."

"झालं सर. पंचवीस झालं."

"कागदावर चोवीस हाईत. पळ, पळ."

तिनं एकदा माझ्या पॅडकडं बघितलं आणि पळाली. तिला माहीत होतं, तरी पंच सांगतोय म्हणून पळाली. शुभांगी आली, पहिली ठरली. दुसरी एक आली. मग त्रिशला आली, तिसरी. राज्य स्पर्धेला पहिल्या दोघी जाणार होत्या.

निकालावर हरकत घ्यायला अर्धा तास असतो. आप्पांनी घेतली. मुख्य पंच इनामदार सर मंडपात टेबलाशी बसले होते. त्यांनी माझा कागद मागवला, आणि तो त्यांच्यापुढं ठेवताना मी पहिल्यांदा नीट बघितला. सगळे फेरे एक मिनिट चाळीस सेकंदांच्या आसपास. अकराव्या चौकटीत मात्र तीन मिनिटं बावीस. फेरे मोजणाऱ्याला याचा अर्थ दुसऱ्या कुणी सांगावा लागत नाही. दोन फेरे एका चौकटीत बसले होते.

इनामदार सरांनी तिथंच बोट ठेवलं. "हे काय?"

मंडपाबाहेर मैत्रिणी शुभांगीला खांद्यावर घेत होत्या. मी खरं बोललो तर सगळे म्हणणार, यानं स्वतःच्या पोरीसाठी केलं. मान वळली होती, यावर कोण विश्वास ठेवणार? आणि खिशात ते दुसरं घड्याळ चालूच होतं.

"चालली सर ती," मी म्हणालो. "पोटात कळ आली असावी. अर्धा फेरा चालत होती."

"तुम्ही बघितलंत?"

"व्हय."

त्रिशला वडिलांच्या शेजारी उभी होती. आमच्याकडं मुलीही स्वतःबद्दल आलो-गेलो असंच बोलतात. ती म्हणाली, "मी चाललो न्हाय सर."

"पंचांनी बघितलंय बाळ," इनामदार सर मायेनं म्हणाले.

मग ती माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. माझं बोलणं अजून पुरं व्हायचंय असं समजून थांबल्यासारखी. आप्पा बराच वेळ बोलत होते, कधी समजावून, कधी आवाज चढवून. निकाल कायम झाला तेव्हा दिवस मावळला होता. डबा बाकावर तसाच होता. दहा हजार चारशे मीटर पळलेली ती मुलगी उपाशी एसटीत बसली.

खेळाशी संबंध नसलेल्यांना वाटेल, चालली म्हटलं तर एवढं काय बिघडलं? फेरा चुकवला ते मोठं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. शाळेत दर वर्षी मला फळ्यावर लिहावं लागतं, खेळाडू म्हणजे काय. शिस्त, जिद्द, खिलाडूपणा. मुलं वहीत उतरवून घेतात आणि बाहेर जाऊन बॉलवरून मारामारी करतात. फळ्यावर न येणारी गोष्ट वेगळी आहे. लांब पळणारीला सतराव्या-अठराव्या फेऱ्याला सगळं अंग एकच सांगत असतं, चाल. कुणी बघत नाही, मैदान रिकामं आहे, पाऊलभर चाललीस तर कुणाला कळणार. तरी ती चालत नाही. पदकं तिघींना मिळतात, बाकीच्या आठ जणींना घरी न्यायला एवढंच असतं की आपण चाललो नाही. मी तेच तिच्याकडून घेतलं, आणि तेही तिच्या वडिलांसमोर.

त्या संध्याकाळी शुभांगीला मोटरसायकलवरून घरी सोडताना ती मागून म्हणाली, "सर, त्रिशला माझ्या पुढं हुती की."

"एक फेरा मागं होती ती."

"कशी असंल? सगळी शर्यत तिची पाठ बघत पळालोय मी. मला म्हाईत न्हाय व्हय?"

"तुला काय करायचंय? तू राज्याची तयारी कर."

तिनं तयारी केली. राज्याला नववी आली. मग सहा महिन्यांत कळंब्याला येणं बंद झालं. अभ्यास आहे म्हणाली. आता पुण्याला नोकरी करते, दसऱ्याला मेसेज येतो. पळण्याचा विषय ती काढत नाही, मीही काढत नाही. एका लबाडीत मी तिला न विचारता भागीदार केलं होतं.

आणि मी? मी पंच राहिलो. चांगला पंच म्हणून नाव झालं, कारण त्या दिवसानंतर माझी मान कधी वळली नाही.

तीन वर्षांपूर्वी ज्येष्ठांच्या स्पर्धा होत्या. मलकापूरकडचे एक निवृत्त एसटी ड्रायव्हर पाच हजार मीटर पळत होते. वय अडुसष्ट, अंगात बनियन, पायात नातवाचे बूट. सगळ्यांत शेवटी होते. मंडपवाले सतरंज्या गुंडाळायला लागले होते. माझ्या कागदावर त्यांचे फेरे पुरे झाले तेव्हा मी हात केला, "झालं काका. या आता."

ते थांबले नाहीत. जाता जाता म्हणाले, "कुठलं झालं पावणं? एक ऱ्हायलाय माझा."

"कागदावर पुरे झालेत की."

"कागदावर झालं असतील. पायात झालं न्हाईत."

आणि ते गेले. रिकाम्या मैदानावर एकटे, रमतगमत नाही, दम लावून. मंडपवाले हसायला लागले. मी कागद तपासला. या वेळी मान वळली नव्हती, तरी दुसऱ्या एकाची वेळ चुकून त्यांच्या चौकटीत पडली होती. काका बरोबर होते. परत आल्यावर मी त्यांना चहा दिला आणि विचारलं, "मी सोडत होतो की तुम्हाला. कशाला पळलासा?"

"पाच हजार पळाय आलतो. शेचाळीसशे पळून घरी काय सांगू?" त्यांनी चहा फुंकून प्यायला आणि बसस्टँड कुठं म्हणून विचारलं.

त्या दिवसापासून मला नीट बसवत नाही. वर्गात मी फेऱ्या मारत शिकवतो. सिनेमाला गेलो तर मध्येच बाहेर येतो. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, सगळं ठीक म्हणाले. कळंब्याला पहाटे पळणाऱ्या मुली बघतो आणि नकळत त्यांचे फेरे मोजायला लागतो, मोजून झाले की पुन्हा पहिल्यापासून.

तरी कबूल करायला मी कुठंही गेलो नाही. यंदा गेलो, तेही नव्या पंचांचा वर्ग माझ्याकडं आला म्हणून. फेरे मोजणं शिकवताना मी फळ्यावर एका काल्पनिक खेळाडूच्या वेळा लिहिल्या. निदान मी काल्पनिक म्हणालो. त्या पंचवीस वेळा मला पाठ होत्या. अकराव्या चौकटीवर खडू टेकवून विचारलं, "इथं काय झालं असेल?"

मागच्या बाकावरून एक तरुण शिक्षक म्हणाला, "चालली असंल सर. दमली असंल." वर्ग हसला.

पुढं बसलेल्या एक बाई हसल्या नाहीत. नुकत्याच नोकरीला लागलेल्या, पहिलाच वर्ग त्यांचा. म्हणाल्या, "चालली असती तर बाराव्या फेऱ्याला लगेच एक चाळीस कसं येईल? आणि बरोबर दुप्पट वेळ कशी? एक नोंद राहिलीय. पंचाचं लक्ष नव्हतं."

त्यांना अर्धं मिनिटही लागलं नाही.

"बरोबर," मी म्हणालो.

"मग त्या खेळाडूचं काय झालं सर?" त्यांनी सहज विचारलं.

मी म्हणालो, "चहाची सुट्टी घेऊया."

त्या आठवड्यातल्या रविवारी मी जयसिंगपूरला गेलो. त्रिशला आणि तिचा नवरा तिथं खतं-बियाणांचं दुकान चालवतात. नवरा बाहेर गेला होता, ती एकटीच गल्ल्यामागं होती. केसांत एखाददुसरा पांढरा, बाकी तीच. तिनं मला लगेच ओळखलं.

"या सर. शेती घेतलीसा काय? तणनाशक पायजे का बी?"

"सहज आलो."

"सहज कोण येतंय आमच्या दुकानात? बसा."

मी पोत्यावर बसलो. एक शेतकरी म्हणाला, "पावणं, सरका जरा, त्येच पोतं पायजे." उठलो. दुसऱ्यावर बसलो, तेही कुणाला तरी हवं होतं. असं दोन-तीनदा झालं. गिऱ्हाईक थांबेल अशी वाट बघत राहिलो असतो तर दुकान बंद व्हायची वेळ आली असती आणि मी पुन्हा न बोलता परतलो असतो. म्हणून दोन माणसं समोर असतानाच बोललो.

"त्रिशला, त्या दिवशी तू चालली नव्हतीस."

ती बियाणाची पिशवी बांधत होती. गाठ मारून पिशवी गिऱ्हाइकाला दिली. "मला म्हाईत हाय की सर. मीच पळालो न्हवं?"

मी सगळं सांगितलं. मान, खिशातलं घड्याळ, अकरावी चौकट, इनामदार सरांचं बोट. ती गिऱ्हाईक करत ऐकत होती. मध्ये एकाला म्हणाली, "हे कपाशीचं न्हवं काका, वाचून घ्या." माझं संपल्यावर म्हणाली, "फेरा चुकला त्याचं मला काय न्हाय. उन्हात हुभा माणूस, चुकतोय. तवाच बोलला असता तर मी हसून सोडलं असतं."

मग तिनं काउंटरवरची बाटली उगाच सरळ केली.

"एसटीत आप्पांनी इचारलं मला. खरं सांग पोरी, चाललीस काय म्हणून. मी न्हाय म्हटलं. परत कधी इचारलं न्हाय त्यांनी. पर एकदा इचारलं की, सर. रोज माझ्यासंगं मैदानावर येणाऱ्या मानसानं इचारलं. पुढच्या म्हैन्यात मी बूट देऊन टाकलं."

"मला माफ कर," मी म्हणालो.

"मला नगो. आप्पांना सांगा. घरीच असत्यात. आनि असं पुटपुटू नका, त्यांना आता ऐकू येत न्हाय."

गाव तिथून सहा किलोमीटरवर. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होतो. आदरानं, हळुवार, कारणांसकट. अंगणात आप्पा खाटेवर बसून शेंगा फोडत होते. समोरच्या घरी चार-पाच बायका सोयाबीन निवडत होत्या. मी नमस्कार केला. त्यांनी निरखून बघितलं, ओळखलं नाही.

"कोण पावणं?"

मी नाव सांगितलं, कोल्हापूरचा पंच म्हणालो. त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या. आता ओळखलं होतं. बसा म्हणाले नाहीत. मी जुळवलेलं बोलायला लागलो. त्यांनी कानाला हात लावला.

"ऐकू येत न्हाय. मोठ्यानं बोला."

मोठ्यानं बोलायचं तर लांब वाक्यं टिकत नाहीत. मान कशी वळली, मंडपाबाहेर कोण कुणाला खांद्यावर घेत होतं, लोक काय म्हणाले असते, हे सगळं ओरडून सांगता येण्यासारखं नव्हतंच. समोरच्या बायकांचे हात थांबले होते. मी ओरडून सांगितलं. आप्पांनी माझ्या तोंडाकडं एकटक बघितलं आणि म्हणाले, "परत सांगा."

ऐकू आलं नव्हतं, का परत ऐकायचं होतं, मला कळलं नाही. मी खाटेजवळ खाली बसलो आणि आवाज आणखी चढवला.

"आप्पा, त्रिशला चालली नव्हती. एक पाऊलसुद्धा चालली नव्हती. ती पहिली आली होती. मी खोटं बोललो. तिची आणि तुमची, मी माफी मागतो."